दीड कोयता

बीडमध्ये मला अर्धं गाव ‘मालिशवाल्या बाई’ म्हणतं. हाडं, स्नायू आणि नसा पाठ करण्यात मी तरुणपण घातलं, दाराबाहेर ‘फिजिओथेरपी’ अशी ठळक पाटी लावली, तरी खालचा मेडिकलवाला पेशंटला जिना दाखवताना म्हणतो, ‘‘वर जा, मालिशवाल्या बाई बसल्यात.’’ सुरुवातीला मी खाली उतरून त्याच्याशी भांडायचे. आता जिन्याच्या वरच्या पायरीवरून ओरडते, तेवढेच गुडघे वाचतात. मी घाटनांदूरच्या किराणा दुकानदाराची मुलगी. गिऱ्हाइकाशी गोड कसं बोलायचं हे वडिलांनी भावाला शिकवलं, मला शिकवायचं राहून गेलं.

लोक सांगतात, बाई, राग कमी करा, बीपी वाढेल. वाढू दे. त्या ऊसतोडीच्या बाईचा खांदा माझ्या हाताखालून गेल्यापासून तर मी राग कमी करायचा नाही असंच ठरवलंय.

ती आली आषाढात. चौसाळ्याच्या पुढच्या एका वस्तीवरची, पस्तिशीतली. बरोबर नवरा. उजवा हात तिनं डाव्या हातानं पोटाशी धरलेला, जणू कुणी आपलं मूल जरा वेळ सांभाळायला दिलंय. मी तिला विचारलं, ‘‘काय झालं?’’

नवऱ्यानं सांगितलं, ‘‘फाल्गुनात फळीवरून पडली. मोळी घिऊन टरकावर चढत व्हती. फळी वली व्हती, पाय गेला.’’

मी तिला विचारलं, ‘‘कुठं दुखतं?’’

नवरा म्हणाला, ‘‘दंडात लोखंडी पट्टी टाकलीय. हाड जुळलंय म्हन्ले डाक्टर. पर हात वर जाईना.’’

मी तिला विचारलं, ‘‘रात्री झोप लागते?’’

नवरा म्हणाला, ‘‘लागती की.’’

‘‘खांदा तुमचा आहे का?’’ मी त्याला विचारलं.

ती पदर तोंडाला लावून हसली. मग म्हणाली, ‘‘झोप न्हाई लागत, बाई. कूस बदलली की जीव जातोय.’’ नवऱ्यानं तिच्याकडं असं बघितलं, जणू हे त्यालाही नवीन होतं.

खांदा पार आखडला होता. झोळीत महिनोन् महिने बांधून ठेवलेला हात दुसरं काय करणार? छातीच्या वर जात नव्हता. वेणी सासू घालत होती, भाकरी लेक थापत होती. आणि मोठ्या दवाखान्यातून सुटताना तिला काय सांगितलं होतं? जड उचलू नका, हलकी कामं करा, आराम करा. तळपायाची आग मस्तकात गेली माझी. कुणाला सांगता हे? बँकेतल्या साहेबाला सांगा. मी शिकत असताना एका मोठ्या कारखान्यात जखमी कामगारांचे व्यायाम घ्यायला जायचे. तिथं हात मोडलेल्या माणसाला परत आल्यावर खुर्ची द्यायचे, डबे मोजायचं काम द्यायचे, हळूहळू मशीनवर न्यायचे. ते मी डोळ्यांनी बघितलंय, म्हणून मला माहीत आहे की हे करता येतं. मी तिला विचारलं, ‘‘उसाच्या फडात हलकं काम कोणतं असतं?’’ तिनं मनापासून विचार केला. ‘‘ल्हान लेकरं सांभाळायचं,’’ ती म्हणाली, ‘‘पर ते म्हाताऱ्या करतेत.’’

दुसऱ्या खेपेला नवरा खाली चहाला गेला, तेव्हा तिनं खरं काय ते सांगितलं.

इथं एक गोष्ट सांगायला हवी. ऊसतोडीत माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. तो ऊस तोडतो, ती गोळा करते, मोळी बांधते, डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढते. एकटा पुरुष म्हणजे अर्धा कोयता, एकटी बाई म्हणजे अर्धा कोयता. टोळी जमवणारा मुकादम दसरा झाला की पुरे कोयते नेतो. जोडीतलं एक माणूस मोडलं की घरातलं दुसरं कुणीतरी त्या जागी उभं करायचं, अशी रीत आहे. ही रीत कुणी काढली ते विचारलं तर सगळे आकाशाकडं बघतात.

‘‘दसऱ्याच्या आत माजा हात डोक्याच्या वर जायाला पायजे, बाई,’’ ती म्हणाली. ‘‘न्हाई गेला तर माज्या जागी लेक जाईल. धाव्वीला हाय ती. एकदा फडात गेलेली पोर परत शाळंत आल्याली म्या न्हाई बघितली. म्या बी न्हाई आले.’’

‘‘तू किती होतीस तेव्हा?’’

‘‘आठवत न्हाई. मोळीपेक्षा मी ल्हान व्हते, एवढं आठवतंय.’’

मी तिचा हात धरला आणि वर उचलायला लागले. ती ओरडली नाही. ओठ दाताखाली धरून छताकडं बघत राहिली. मी म्हटलं, ‘‘ओरड. इथं ओरडायला बंदी नाही, मीही ओरडते.’’ मग ती अशी ओरडली की मेडिकलवाला अर्ध्या जिन्यापर्यंत आला. त्याला मी तिथूनच परत पाठवला.

श्रावण असा गेला. गरम शेक, छताच्या चाकावरून दोरी ओढणं, भिंतीवर बोटांनी चढणं, काठी दोन्ही हातांत धरून वर नेणं. हात बोटाबोटानं वर सरकायचा आणि दोन दिवस पावसानं जीप आली नाही की परत खाली यायचा. सासूनं कपिलधारला नवस बोलला. म्हणजे खांदा बरा झाला तर श्रेय कपिलधारचं, नाही झाला तर मालिशवाल्या बाईचं.

घरी व्यायाम करून घ्यायला एक माणूस लागतंच. प्रत्येक पेशंटच्या घरातल्या एकाला मी बोलावते आणि शिकवते. या घरातून लेक आली. दोन वेण्या, हातात बापाचा फोन, डोळे सगळीकडं. मी एकदा दाखवलं की तिला कळायचं. आईच्या कोपराला बोट लावून म्हणायची, ‘‘आई, कोपर ढिल्लं सोड. खांद्यातून उचल, मानंतून न्हाई.’’ माझेच शब्द, पण माझ्यापेक्षा गोड आवाजात. प्रत्येक व्यायामाचा व्हिडिओ काढून न्यायची. मला ती फार आवडली. इतकी की मी तिला म्हटलं, बारावी कर, मग माझ्याकडं ये, तुला हे शिकायला कुठं जायचं ते मी सांगते. त्यावर आईचे डोळे भरले आणि मला उगाचच तिच्यावर डाफरावं लागलं.

भाद्रपदात हात कानापर्यंत गेला. आता पाठ्यपुस्तकाप्रमाणं माझं काम संपत होतं. पण पाठ्यपुस्तकातली बाई कपाटातला वरचा डबा काढते. हिला डोक्यावर उसाची मोळी घेऊन, एका हातानं ती धरून, उभ्या फळीवरून चढायचं होतं. तिला काठीचे व्यायाम देत बसायचं म्हणजे आग सोमेश्वरी अन् बंब रामेश्वरी. मी गच्चीवर कडबा आणून टाकला. समोर बांधकाम चाललं होतं, तिथल्या सेंट्रिंगवाल्याकडून एक लांब फळी मागितली. तो म्हणाला, ‘‘कशाला, बाई?’’ मी म्हटलं, ‘‘मालिशला.’’ त्यानं दिली.

शेजारचे रिटायर्ड काका कठड्यावरून वाकून म्हणाले, ‘‘हा दवाखाना हाय का कडब्याची गंजी?’’ मी म्हटलं, ‘‘काका, तुमच्या गुडघ्यासाठीही आणलाय, या.’’ मग ते पुन्हा वाकले नाहीत.

आधी नुसती चुंबळ डोक्यावर ठेवून, म्हणजे फडक्याची ती गोल वळकटी, सपाट फळीवर चालणं. मग कडब्याची चार ताटं. मग पेंढी. मग फळीचं एक टोक टाकीच्या पायरीवर. पहिल्यांदा तिरप्या फळीवर पाय ठेवला तेव्हा तिचे पाय लटलट कापायला लागले. खांदा तयार होता, पण पाय विसरले नव्हते. ती खाली बसली आणि म्हणाली, ‘‘न्हाई व्हायाचं.’’ लेक तिच्या मागं जाऊन उभी राहिली, पाठीला हात लावला. ‘‘मी हाय मागं. चढ.’’ ती चढली.

पुढं ती म्हणाली, घरी सराव केला तर लवकर होईल. म्हणून मी ती फळी काळीपिवळी जीपच्या टपावर बांधून वस्तीवर पाठवली. रोज संध्याकाळी व्हिडिओ यायचा. घराच्या ओट्याला फळी लावलेली, आई मोळी घेऊन चढतेय, तिच्या मागं लेक लहान मोळी घेऊन चढतेय. कारण मला फोनवर कळलं. ती एकटी चढली की वस्तीवरची माणसं बघायला जमायची, हसायची, ‘‘काय गं, ओट्यावर टरक लागलाय का?’’ म्हणायची. दोघी चढल्या की तो मायलेकींचा खेळ वाटायचा आणि माणसं आपापल्या कामाला जायची. आईला लाज वाटू नये म्हणून लेक मोळी घेत होती. आई जड घ्यायला लागली तशी लेकीचीही मोळी वाढत गेली. खेळात मागं कोण राहतं?

दसरा जवळ आला तेव्हा मुकादमानं सांगावा धाडला, बाईनं येऊन मोळी उचलून दाखवावी, मगच टोळीत धरतो. ती मला म्हणाली, ‘‘तुमी या. शिकल्यालं मानूस संगं असलं की तो जरा नीट बोलतोय.’’ मी दवाखाना बंद करून गेले.

मुकादमाच्या घरासमोर पटांगणात ट्रॉली उभी होती, तिला फळी लावली होती, शेजारी त्याच्याच वावरातल्या उसाच्या मोळ्या बांधून ठेवल्या होत्या. टोळीतल्या बऱ्याच जोड्या जमल्या होत्या. मला खुर्ची दिली, चहा दिला. माणूस हसतमुख होता. ‘‘बीडच्या मालिशवाल्या बाई तुमीच का?’’ तो म्हणाला. पहिल्यांदाच मी त्यावर काही बोलले नाही, कारण तो दिवस माझा नव्हता.

मग त्यानं नवऱ्याला हाक मारली, ‘‘काय बे, कर म्हणावं तिला चालू.’’ ती चार पावलांवर उभी होती, लेक तिच्या मागं. बाजारात म्हैस घेताना तरी म्हशीकडं बघून बोलतात.

तिनं चुंबळ ठेवली. नवऱ्यानं मोळी उचलून दिली. तिचा उजवा हात वर गेला, कोपर सैल, मान सरळ, आणि मोळीवर बसला. ती फळीवर चढायला लागली. मी चहाची बशी हातात धरून बसले होते, त्यातला चहा माझ्या साडीवर सांडला हे मला घरी जाऊन कळलं. फळी लवली, ती थांबली नाही. वर पोचली आणि मोळी ट्रॉलीत टाकली. बायकांमधून कुणीतरी ‘‘आगं बया’’ म्हणालं. मला रडूच येणार होतं.

आणि तेवढ्यात फळी परत लवली. लेक मागून येत होती. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर पुरी मोळी, एक हात वर. रोज संध्याकाळी जसं चढायची तशी. आईच्या मागं चढायचं, एवढंच तिला ठाऊक होतं. आईनं वर एकटं राहायचं नाही, तिची मोळी टाकून झाली की आपली टाकायची. ती वर गेली, मोळी ट्रॉलीत टाकली आणि आमच्याकडं बघून हसली. तिच्या चेहऱ्यावर पाठ न चुकता म्हणून दाखवणाऱ्या मुलीचा आनंद होता.

मुकादमानं मांडीवर थाप मारली. ‘‘वा! मी एक कोयता बघाया बसलतो, हितं तर दीड निघाला!’’

सगळे हसले. मी खुर्चीवरून उठले. काय काय बोलले ते मला सगळं आठवत नाही. ती मुलगी शाळेत आहे हे बोलले, वयाचं बोलले, कायद्याचं बोलले, त्याच्या घरातल्या मुली कुठल्या शाळेत आहेत हेही विचारलं. तो ऐकत होता, मान हलवत होता, पालथ्या घड्यावर पाणी. मग शांतपणे म्हणाला, ‘‘बाई, तुमीच तर शिकवलं तिला. लई झ्याक शिकवलं.’’

नंतर हे मला पुष्कळांनी ऐकवलं. मेडिकलवाल्यानं, शेजारच्या काकांनी, माझ्या भावानंही. घरातलं माणूस शिकवायला नको होतं, फळी पाठवायला नको होती. मी नाही मानत. आईच्या पाठीला लेकीचा हात लागायला नको होता का? दसऱ्याच्या आत खांदा बरा झाला नाही तर पोरगी उचलून न्यायची, ही रीत ज्यांची, त्यांना कुणी काही विचारत नाही. चुका शोधायला सगळ्यांना माझाच जिना सापडतो.

मुकादम नवऱ्याकडं वळला. ‘‘काय बे, पोरगी घरी बसून काय करती? म्हातारी हाय की घराला. दीड धरू का?’’

नवरा आपल्या चपलांकडं बघत होता. तो वाईट माणूस नव्हता. पण मुकादमासमोर होय म्हणायची त्याच्या मानेला इतकी सवय होती की ती आपोआप हलायला लागली होती. ते बघून मला त्याला धरून गदागदा हलवावंसं वाटलं.

ती फळीवरून खाली आली. लेक तिच्या मागं उतरली. आईनं वळून उजवा हात वर नेला आणि लेकीच्या डोक्यावरची चुंबळ ओढून काढली, इतक्या जोरात की एक वेणी सुटली. लेकीचा चेहरा खर्रकन उतरला. तिला वाटलं, आपलं काहीतरी चुकलं.

‘‘ह्यांना इचारू नका,’’ ती मुकादमाला म्हणाली. आवाज मोठा नव्हता. ‘‘कोयता आमी दोघं मिळून हाय न्हवं? मग ह्यांचं ‘हो’ अर्धंच हाय. दुसरं अर्धं माज्यापाशी हाय, अन् मी न्हाई म्हन्ते.’’

‘‘आगं, पोरीला जड न्हाई देत...’’

‘‘लेक आली तर मी येत न्हाई. मी न्हाई तर ह्ये अर्धे. मग अर्धा बाप अन् अर्धी लेक घिऊन जावा, अन् एकांद्या कोयत्याइतकं काम करून दावा. पोर फळीवरून पडली तर तिला बीडला आनून पुन्यांदा बरी करायला म्या न्हाई तयार.’’

कुणी हसलं नाही. जमलेल्या बायकांपैकी कुणी खाली बघत होती, कुणी मुकादमाकडं. टोळीला आधीच माणसं कमी पडत होती आणि गाड्या दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी निघणार होत्या. हे मला तिथंच एका म्हातारीनं कानात सांगितलं. मुकादमानं मिशीवरून हात फिरवला. ‘‘मग तू काय म्हन्तो, बे?’’

नवरा म्हणाला, ‘‘ती म्हन्ती तेच. एक कोयता.’’

‘‘ऱ्हावू दे मग एक,’’ मुकादम म्हणाला, आणि दुसऱ्या जोडीला हाक मारली.

जीपमधून परत येताना मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. मी एक खांदा बरा केला होता, म्हणजे नेमकं काय केलं होतं? जिथं मोडला त्याच जागी त्याला परत पाठवायच्या लायक केलं होतं. तिथं फळी तीच, ओली झाली तर ओली, खाली धरायला कुणी नाही. फळीला आडव्या पट्ट्या ठोका एवढं साधं सांगायला मी मुकादमाला फोन केला, तर म्हणाला, ‘‘कारखान्याला सांगा.’’ कारखान्याला केला तर म्हणाले, ‘‘मुकादमाला सांगा.’’ त्या संध्याकाळी माझ्याकडं आलेल्या प्रत्येक पेशंटनं विनाकारण बोलणी खाल्ली.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मी हायवेला गेले. मला फळी आणायची होती. सेंट्रिंगवाला रोज जिन्याखाली येऊन तगादा लावत होता. ट्रकमध्ये भांडी, गोधड्या, कोंबड्या, पाण्याचे पिंप, माणसं भरली होती. लेक आजीजवळ उभी होती, दप्तर पाठीला. आईशी बोलत नव्हती. सगळ्यांसमोर चुंबळ ओढली याचा राग होता. ‘‘मी बरी चढले व्हते ना, मग आईनं असं का केलं?’’ असं तिनं मला विचारलं. मी सांगायचा प्रयत्न केला. तिनं ऐकून घेतलं, पटलं असं दिसलं नाही. तिच्यातही राग आहे, हे बघून मला बरं वाटलं.

आई ट्रकचा दांडा उजव्या हातानं धरून वर चढली. मी खालून विचारलं, ‘‘अगं, फळी कुठंय माझी?’’

‘‘जाळली,’’ ती म्हणाली.

‘‘जाळली?’’

‘‘दसऱ्याच्या पोळ्या केल्या तिच्यावर. मी गेल्यावर ती वट्याला लावून चढत बसली असती पोरगी, मी पडले तर आपन तयार असावं म्हनून. घरात ठिवायची न्हाई मला ती.’’

‘‘ती माझी नव्हती गं, सेंट्रिंगवाल्याची होती.’’

‘‘मग त्याला सांगा, लई चांगली पेटली.’’

ट्रक हलला. तिनं पदर सावरला आणि लेकीकडं बघून हात वर केला. लेक रस्त्याच्या कडेला तोंड फिरवून उभी होती. ट्रक वळणाला लागला तेव्हा ती एकाएकी पळत पुढं गेली आणि हायवेच्या सगळ्या आवाजावरून ओरडली, ‘‘आई, कोपर ढिल्लं सोड!’’